रोमानच्या हाताची चव

“रोमानच्या हाताला चव आहे,” असं आमची आई म्हणाली, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रोमान माझी धाकटी बहीण. अडामाला इस्पितळात नर्स आहे. तीन आठवड्यांची रजा काढून ती आईला बघायला आमच्या गावी, देब्रे बिरहानला आली, तिसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि आईने तिच्या हातचे तीन पॅनकेक खाल्ले. तीन. माझ्या हातचा अर्धा पॅनकेक संपवायला जी बाई तासभर लावायची, ती बोटाने ताटली पुसून बोट चाटत होती.

मी तेव्हा चहा गाळत होते. नंतर ती गाळणी मी इतकी घासली की तिची जाळीच सुटली.

मुळात तो पॅनकेक माझा होता. आईचं पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला इंजेरा, म्हणजे आमची रोजची आंबट भाकरी, सोसेना. आंबवलेलं पीठ पोटात गेलं की कळा सुरू. डॉक्टरांनी सांगितलं, दूध द्या, अंडी द्या, रक्त फार कमी आहे. आम्ही मान हलवली आणि घरी आलो, आणि पुढच्याच सोमवारी हुदादे लागला. पंचावन्न दिवसांचा उपास. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, आणि तिसऱ्या प्रहरी चर्चची घंटा होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून तिने एकही हुदादे मोडलेला नाही. मी पोटात होते तेव्हा मोडला नाही, रोमान पोटात होती तेव्हा मोडला नाही, आणि दुष्काळाच्या साली, ती म्हणते, मोडायला घरात काही नव्हतंच. ऑपरेशनचे टाके ओले असताना ती हा उपास धरणार हे मला माहीत होतं, म्हणून मी स्वतः जाऊन अब्बा वोल्देंना घेऊन आले. अब्बा म्हणजे तिचे गुरू, चाळीस वर्षं तिची पापं ऐकणारे. त्यांनी तीर्थ शिंपडलं, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “अस्कालेच, आजाऱ्याला सूट आहे. मी देतो. दूध घे, अंडं घे, देव रागावणार नाही.”

आई म्हणाली, “अब्बा, सूट तुमच्याकडेच राहू द्या. दुसऱ्या कुणाला लागेल.”

अब्बांनी दोनदा सांगितलं. आईने दोनदा नाही म्हटलं. मग त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि फाटकापाशी मला हळूच म्हणाले, “बिझुनेश, तुझ्या आईपुढे माझं काही चालत नाही. तू काहीतरी असं करून घाल जे उपासालाही चालेल आणि पोटालाही.”

तर मी ते करून दाखवलं. आमच्या गावातल्या हॉटेलांत हल्ली ‘उपासाचा पॅनकेक’ म्हणून पाटी असते, पण तो मैद्याचा फुसका प्रकार. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला करून बघायची खोड आहे. भाजलेल्या सातूचं पीठ दोन वाट्या, गव्हाचं एक वाटी. जवस कुटून कोमट पाण्यात भिजवायचे. थोड्या वेळाने ते पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं बुळबुळीत होतं, आणि अंड्याचं काम तेच करतं. काळ्या ठिपक्यांचं केळं कुस्करून घालायचं, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. पीठ थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि सूर्यफुलाच्या तेलावर मंद आचेवर टाकायचा. पहिला हमखास मोडतो. दुसऱ्यापासून नीट उलटतो. तो फार फुगत नाही, जवसाने जरा चिकट होतो, पण पचतो. एकोणतीस दिवस मी तो रोज केला. शाळेत जायच्या आधी पीठ कालवून ठेवायची, शाळा सुटली की धावत येऊन टाकायची. आई अर्धा खायची आणि म्हणायची, “देवाने दिलं.” देवाने दिलं, मी केलं हे ती कधी म्हणाली नाही.

आणि रोमान आली आणि तीन दिवसांत तिच्या हाताला चव आली.

मी विचारलं तिला. स्वाभिमान गुंडाळून ठेवून विचारलं, “काय करतेस वेगळं?”

“काही नाही गं, बिझूये. केळं जास्त पिकलेलं घे. आणि पीठ फेट जरा. तू नुसतं ढवळतेस.”

मी फेटलं. शनिवारी घंटेची अट नसते, म्हणून सकाळीच हात भरून येईपर्यंत फेटलं. केळी तर अशी घेतली की बाजारातली बाई म्हणाली, ही डुकरांना घालते मी. आणि तव्यावर काय आलं, तर तोच माझा चपटा, चिकट, बिचारा पॅनकेक. आईने एक घास खाल्ला आणि विचारलं, “रोमान कुठे गेली?” मी म्हटलं, बाजारात. आई म्हणाली, “मग थांबते मी.”

राग आला की आला म्हणावं. मला इतका राग आला की मी परसात जाऊन वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणले. मला आईचा राग आला, रोमानचा आला आणि त्या जवसाचाही आला. आणि त्याच हट्टाने रोमानच्या हातच्या पॅनकेकचा एक तुकडासुद्धा मी तोंडात घातला नाही. ती वरवर म्हणायची, “घे ना गं, गरम आहे.” मी म्हणायची, “मला शिरो पुरे.” रोज संध्याकाळी मी शिरो, नेहमीचं डाळीच्या पिठाचं कालवण, खायची आणि त्या दोघी हसत पॅनकेक खायच्या, नाही, आई खायची, रोमान बघायची. हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच दिवसांत आईने दुसरं एक सुरू केलं. दुपारी दोनच्या सुमाराला ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि आतून धप, धप असा आवाज यायचा. साष्टांग. उपासात साष्टांग घालतात, त्यात नवल नाही, मीही घालते. पण जी बाई भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते तिने ओळीने एक्केचाळीस? शनिवार-रविवारी घरी असताना मी मोजले. तिचे गुडघे काळेनिळे झाले होते. मी तेल चोळताना विचारलं, “एमाये, हे कुणी सांगितलं तुला? अब्बांनी?”

“अब्बा हसले. एक स्तोत्र म्हण म्हणाले. हे माझं मी घेतलंय.”

“कशासाठी?”

“देवाचं आणि माझं आहे ते. तू चोळ.”

मी रोमानला म्हटलं, तू नर्स आहेस, तू सांग तिला. रोमान म्हणाली, “सांगितलं. ऐकत नाही. पण अंगात ताकद आलीये तेव्हाच ना घालते? महिन्यापूर्वी एक घातला असता का?” आणि ती इतकी समाधानाने बोलली की मला वाटलं, हो, खरंच. माझ्या हातचं खात होती तेव्हा तिला वाकता येत नव्हतं. हेही माझ्याच खात्यावर.

उपासाचा चाळिसावा दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी शाळा लवकर सुटते. गल्लीच्या तोंडाशी एत्ये झैनबा उभ्या होत्या, त्यांच्या फाटकात, हातात एक छोटी टोपली घेऊन. त्या आमच्या लहानपणापासूनच्या शेजारी, म्हणून एत्ये, म्हणजे ताई. कोंबड्या पाळतात. हुदादेत अर्धं गाव अंड्याकडे बघत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे या दिवसांत अंड्यांचा नुसता ढीग असतो.

“बिझू, बरं झालं भेटलीस,” त्या म्हणाल्या. “रोमान आज आली नाही. ही तुमची दोन घेऊन जा.”

मी टोपलीत बघितलं. दोन अंडी. एकाला अजून पीस चिकटलेलं.

“आमची?”

“रोजची दोन. आईसाठी नेते ना ती.” त्यांनी टोपली माझ्या हातात दिली. “तुमच्या अब्बांनी सूट दिली हे फार चांगलं केलं हो. आमच्यातही आजारी माणसाला रोजा नाही. माझी सासू अशीच हट्टी होती. अस्कालेचला म्हणावं, झैनबाने स्वतः निवडून ठेवली, सगळी ताजी.”

त्या माऊलीचा काय दोष? तिने प्रेमाने निवडली होती. मी म्हटलं, “सांगते.” आणि चालायला लागले. तळपायाची आग मस्तकात जाते असं म्हणतात, ती जाते. घरी पोचेपर्यंत माझ्या कानात नुसता घूं असा आवाज होता.

रोमान स्वयंपाकघरात पीठ फेटत होती. अंडी मी ओट्यावर ठेवली. तिने बघितलं, आणि फेटायची थांबली नाही, फक्त हळू झाली.

“किती दिवस?” मी विचारलं.

“हळू बोल. आई आत आहे.”

“किती दिवस, रोमान?”

“दहा.” तिने भांडं खाली ठेवलं. “मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून, आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून म्हण. थोडी दूधभुकटीही असते. आज अंडी आणायला वेळ झाला नाही, म्हणून भुकटीच जास्त घातलीये. विचारायचं ते विचार एकदम.”

मी पिठाच्या भांड्यात वाकले. चाखून बघावं तर घंटा झाली नव्हती, माझा उपास होता. नुसता वास घेतला. केळ्याच्या आणि भाजलेल्या सातूच्या वासाखाली दुधाचा गोडसर वास होता. दहा दिवस माझ्या नाकाखाली तो वास होता आणि मी विज्ञान शिकवते.

“म्हणजे फेटायचं. केळं जास्त पिकलेलं घ्यायचं,” मी म्हणाले. “मला मूर्ख बनवलंस ते बनवलंस. तिचा उपास मोडलास तू. सदुसष्ट वर्षांचा.”

“तिचं वजन दीड किलो वाढलंय. डोळ्यांच्या पापण्या आतून बघ तिच्या, गुलाबी झाल्यात. मी आले तेव्हा कागदासारख्या पांढऱ्या होत्या. तुझ्या जवसाच्या पाण्याने रक्त वाढत नाही, बिझूये. तू तिला प्रेमाने उपाशी मारत होतीस.”

“तोंड सांभाळ.”

“का सांभाळू? माझ्या वॉर्डात रोज येतात अशा म्हाताऱ्या. हुदादेच्या शेवटच्या आठवड्यात तर विचारू नकोस. बाहेर देशात लोक याला विगन म्हणतात, हौसेने खातात, पण ते आधी रक्त तपासून घेतात आणि गोळ्या खातात. आणि अब्बांनी सूट दिली होती ना? मग पाप कुठलं?”

“सूट तिला दिली होती. तुला नाही. आणि तिने ती परत केली, माझ्यासमोर. दोनदा.”

“मग तिने मरायचं?”

“तिने ठरवायचं.”

रोमानने हात पुसले. “तुला तिच्या उपासाची पडलेली नाही,” ती म्हणाली. “तुला पडलीये ती माझ्या पॅनकेकची. आल्यापासून बघतेय मी. तुझा चेहरा बघ आरशात.”

मी तिच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता. तेवढ्यात आतून आवाज आला. धप. मग थोडा वेळ काही नाही, नुसतं धापा टाकणं. मग पुन्हा धप. पण या वेळी आवाज वेगळा होता, गुडघ्यांचा नव्हे, कोपराचा. आम्ही दोघीही आत धावलो.

आई चटईवर आडवी झाली होती. पडली नव्हती, पण उठता येत नव्हतं. रोमानने तिला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि खाटेवर बसवलं. तिच्या कपाळावर चटईची नक्षी उठली होती. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

“अजून नऊ राहिलेत,” आई म्हणाली.

“पुरे झालं,” मी म्हणाले. माझा आवाज चढलेलाच होता. “कुठलं असं पाप केलंयस तू? खाटेवरून उतरत नाहीस तू, पाप करायला तुला वेळ कुठे मिळतो?”

आईने पदराने तोंड पुसलं. एरवी ती बोलली नसती. दमली होती म्हणून बोलली.

“जिभेचं,” ती म्हणाली. “उपास कशासाठी असतो? जिभेला वेसण घालायला. आणि मी काय करते? सकाळी डोळे उघडले की रोमानच्या पॅनकेकची वाट बघते. प्रार्थना चालू असते आणि तोंडाला पाणी सुटलेलं असतं. या वयात. अब्बांना सांगितलं तर हसले. पण मला कळतं ना. इतक्या वर्षांत उपासाचं अन्न मला असं कधी लागलं नाही. एका घासाला एक साष्टांग धरला तरी कमीच आहेत.”

मी रोमानकडे बघितलं. हे तिलाही माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकली.

आता सांगते, कारण सांगायलाच हवं: मला तिथे गप्प बसता आलं असतं. बाजूला घेऊन रोमानला दम देता आला असता, अंडी बंद करता आली असती, चव आपोआप गेली असती, साष्टांग आपोआप थांबले असते, आणि आई आपला उपास अखंड आहे असं समजून सोळा दिवसांनी फासिकाच्या, उपास सुटण्याच्या सणाच्या, मेजवानीला बसली असती. हे सगळं मला नंतर सुचलं असंही नाही. तिथेच, खाटेपाशी उभी असताना सुचलं.

“तुझी जीभ बिघडलेली नाही, एमाये,” मी म्हणाले. “त्यात अंडी आहेत. दूधही आहे. दहा दिवस.”

आईने माझ्याकडे बघितलं, मग रोमानकडे. खोलीत चर्चच्या घंटेचा आवाज आला. तिसरा प्रहर झाला होता, आता खायला हरकत नव्हती. कुणी हललं नाही.

“खरं?” तिने रोमानला विचारलं.

“खरं.”

“गुराला गुळात लपवून गोळी चारतात,” आई म्हणाली, “तशी चारलीस मला. गुराला विचारत नाहीत. त्याला कळत नाही म्हणून. मला कळत नव्हतं?”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते. ते माझं तोंड आहे.” तिचा आवाज मोठा झाला नाही, पण असा मी तो माझ्या बापाशी होणाऱ्या भांडणांतसुद्धा ऐकला नव्हता. “मी सात वर्षांची होते तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. घर बापाचं, मग नवऱ्याचं. शेत दिराचं. पोरी तुम्ही, तुमच्या तुम्ही झालात. हा उपास तेवढा माझा होता. तोही तू वाटीत फोडलास.”

रोमान म्हणाली, “मला तू हवी आहेस. उपास नको, तू. मग मला जे म्हणायचं ते म्हण.”

आई माझ्याकडे वळली. “तुला कधी कळलं?”

“आत्ता. एत्ये झैनबांनी सांगितलं.”

“आणि सांगितलंस मला लगेच. मी साष्टांग घालत होते म्हणून? की मी म्हणाले, रोमानच्या हाताला चव आहे, म्हणून?”

खोटं बोलता आलं असतं. पण मी नुकतीच खरं बोलणारी झाले होते, इतक्या लवकर कसं सोडणार?

“दोन्ही,” मी म्हणाले. आणि मग माझा बांध फुटला. “एकोणतीस दिवस मी केलं. जवस कुटले, हात भाजून घेतले, शाळेतून धावत आले. पहिला मोडलेला पॅनकेक माझा, चांगला तुझा. तुझी बेडपॅन मी काढली, गुडघे मी चोळले. आणि तू एकदा तरी म्हणालीस, बिझूच्या हाताला चव आहे? ती दहा दिवस येते, तुला फसवते, आणि चव तिच्या हाताला. मग मला कळल्यावर मी गप्प बसू? का बसू?”

आई ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने नुसती मान हलवली, बाजारात आपल्याला हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर हलवतात तशी, आणि खाटेवरून उतरली. आम्ही दोघी पुढे झालो. तिने दोघींचे हात बाजूला केले.

भिंतीला धरत ती स्वयंपाकघरात गेली. रोमानने फेटलेलं पीठ तिने परसात नेऊन ओतायला लावलं, भांडं मला दोनदा घासायला लावलं. मग चुलीपाशी स्टुलावर बसून तिने स्वतः पीठ घेतलं. सातू, पाणी, मीठ. मी जवसाची वाटी पुढे केली. तिने ती मागे सारली. केळंही नको. पीठ तव्यावर एका बाजूला सांडलं, कडा करपली, आणि उलटताना त्याचे तीन तुकडे झाले. तिने ते ताटलीत काढले, क्रॉसची खूण केली आणि खाल्ले. चावताना तिचं तोंड वाकडं होत होतं. एवढं बेचव अन्न इतक्या निवांतपणे खाताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

दोन तुकडे तिने खाल्ले. तिसरा तिने हातात घेतला.

“फासिकापर्यंत मी माझं करून खाईन,” ती म्हणाली. “तुमच्या कुणाच्या हातचं नको.”

मग तिने तो तुकडा अर्धा केला आणि रोमानला खूण केली. रोमान जवळ आली, खाली बसली. आईने तिच्या तोंडात घास भरवला, नेहमी भरवतात तसा, बोटांनी आत ढकलून. रोमानने तो चावला आणि रडायला लागली. आईने तिच्या डोक्यावर एक टपली मारली, जोरात, चांगली लागेल अशी, आणि मग हात तिथेच ठेवला.

उरलेला अर्धा तुकडा ताटलीत होता. मी चुलीच्या या बाजूला उभी होते. हाताला घासलेल्या भांड्याची राख लागलेली. मी वाट बघत होते, हे आता कबूल करायला मला लाज वाटत नाही. घास भरवला की घरातलं भांडण मिटतं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे, आणि मी काही फसवलं नव्हतं.

आईने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

“तू खरं बोललीस,” ती मला म्हणाली. “तुझं पोट भरलं असेल आज.”

सकाळपासून माझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. चाळीस दिवसांत मीही एकही उपास मोडला नव्हता, आणि त्या घरात हे कुणाला विचारायचं सुचलं नाही.